मोठ्या आतड्याचा कॅन्सर, लिव्हरमध्ये पसरलाय. आधी ऑपरेशन की आधी केमो?

अबोली | सोमवार, रात्री ९:५०

नमस्कार. बरीच वर्षं इथे वाचते, पाककृतींच्या धाग्यांवर कधीमधी प्रतिसादही दिलेत. आज मोठं लिहिणार आहे.

वय ५२, माध्यमिक शाळेत गणित शिकवते, राहायला सहकारनगर. उन्हाळ्यापासून शौचातून रक्त जात होतं. मूळव्याध समजून औषधं चालू होती. मग वजन उतरायला लागलं, हिमोग्लोबिन ८ वर आलं आणि कोलोनोस्कोपी झाली. सिग्मॉइड भागात, म्हणजे डाव्या बाजूला, गाठ निघाली. बायोप्सीत कॅन्सरच आला. सीटी स्कॅनमध्ये लिव्हरच्या उजव्या भागात चार गाठी आणि डाव्या भागात एक. शिवाय रिपोर्टच्या शेवटी एक ओळ आहे, की पोटाच्या आतल्या अस्तरावर ८ मिमीचा एक ठिपका 'संशयास्पद' वाटतो. चौथी स्टेज.

दोन सर्जनना भेटले. पहिले म्हणाले, आतडं अरुंद झालंय, स्कोप कसाबसा पुढे गेला, पूर्ण बंद व्हायच्या आत तेवढा भाग काढू, मग केमो, मग लिव्हरचं बघू. दुसरे म्हणाले, तुमचा पुढचा सगळा प्रवास लिव्हरवर ठरणार आहे, तेव्हा आधी केमो, दोन-तीन महिन्यांनी स्कॅन, आणि मग आतडं आणि लिव्हर एकत्र किंवा दोन टप्प्यांत. मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट (केमो देणारे डॉक्टर) म्हणतात जीन्सच्या टेस्टचा रिपोर्ट येऊ द्या. तो यायला दोन-तीन आठवडे. आणि तो ठिपका खरंच कॅन्सरचा असेल तर 'हायपेक' नावाचं आणखी मोठं ऑपरेशन, असंही कोणीतरी बोललं.

दोघंही सर्जन अनुभवी, दोघांनीही शांतपणे समजावून सांगितलं आणि दोघांचं म्हणणं एकमेकांच्या उलट. मिस्टर म्हणतात, आधी काढून टाकू, अंगात कशाला ठेवायचं. मुलगा बंगळुरूला असतो, तो म्हणतो टाटाला चल. सासूबाईंनी सोळा सोमवार धरलेत.

ज्यांच्यावर किंवा ज्यांच्या घरी ही वेळ आली, त्यांनी कसं ठरवलं? धीर नकोय असं नाही, पण मला माहिती जास्त हवी आहे.

---

सदाशिवपेठी | सोमवार, रात्री १०:०५

अबोलीताई, वाचून पोटात गोळा आला. इथे भूलवाली आणि टेकडीवाला आहेत, ते नक्की लिहितील. मी धागा वर ठेवतो.

---

मुठाकाठ | सोमवार, रात्री १०:४०

ताई, माझ्या थोरल्या भावाचं अगदी असंच होतं. आम्ही पहिल्या डॉक्टरांसारखंच केलं, आधी आतडं काढलं. कारण त्याचं आतडं बंदच झालं होतं. दोन दिवस वारा सरला नाही, पोट ढोलासारखं, हिरवी उलटी, आणि मध्यरात्री इमर्जन्सीत ऑपरेशन. तेव्हा ठरवायला काही उरलंच नव्हतं. जखमेत पू झाला, केमो सुरू व्हायला दोन महिने लागले आणि तेवढ्या वेळात लिव्हरच्या गाठी वाढल्या.

म्हणून माझं मत पहिल्या डॉक्टरांच्या बाजूने. ठरवून, तयारीनिशी ऑपरेशन केलेलं बरं. रात्रीची धावपळ मी पाहिली आहे, वैऱ्यावर येऊ नये.

---

भूलवाली | सोमवार, रात्री ११:३०

अबोली, मी भूलतज्ज्ञ आहे, कॅन्सरतज्ज्ञ नाही. पण अशा ऑपरेशनना आणि त्याआधीच्या ट्यूमर बोर्डच्या, म्हणजे सगळे तज्ज्ञ मिळून एकेका रुग्णाचे उपचार ठरवतात त्या, मीटिंगना बसते, म्हणून लिहिते.

दोन्ही सर्जन बरोबर असू शकतात, कारण दोघं वेगवेगळ्या धोक्याकडे बघताहेत. पहिल्यांना आतडं बंद पडण्याची भीती आहे. दुसऱ्यांना भीती आहे ती मुठाकाठ यांनी सांगितली तीच: आतड्याच्या ऑपरेशननंतर काही बिघडलं तर केमो लांबते आणि शरीरभर असलेल्या आजाराला मोकळीक मिळते. तेव्हा तुम्ही विचारायचा प्रश्न असा की माझं आतडं नजीकच्या काळात बंद पडण्याची शक्यता खरंच किती आहे. शौचाला होतंय का, पोट फुगतं का, जेवण टिकतं का, यावर ते बरंचसं ठरतं. त्रास नसेल तर आतड्यातली गाठ आधी काढल्याने आयुष्य वाढतं का, हे जपानमध्ये तपासलं गेलं. ज्यांच्या बाकीच्या गाठी काढण्याजोग्या नव्हत्या अशा रुग्णांवरची ती चाचणी होती. निष्कर्ष २०२१ मध्ये आला आणि फायदा दिसला नाही. तुमच्या लिव्हरच्या गाठी कदाचित काढण्याजोग्या होऊ शकतील, त्यामुळे तो निकाल तुम्हाला जसाच्या तसा लागू नाही. पण 'अंगात कशाला ठेवायचं' या भावनेला तो थोडा लगाम घालतो.

आता लिव्हर. आतड्याचं रक्त पोर्टल व्हेनमधून थेट लिव्हरला जातं, म्हणून हा कॅन्सर तिथे आधी पोचतो. पण लिव्हरमध्ये पसरल्यावरही ज्यात पूर्ण बरं होण्याची संधी उरते अशा थोड्या कॅन्सरपैकी हा एक आहे. सगळ्या गाठी काढता आल्या तर पाच वर्षांनी १०० पैकी साधारण ४० जण हयात असतात. त्यातल्या बऱ्याच जणांना मधल्या काळात आजार पुन्हा उद्भवतो आणि पुन्हा उपचार लागतात, तेही सांगते. किती लिव्हर काढता येईल हे मागे किती उरतं यावर ठरतं. निरोगी लिव्हर असेल तर साधारण पाव भाग पुरतो, बरीच केमो झालेली असेल तर ३० ते ४० टक्के लागतं. उरणारा भाग लहान असेल तर आजारी बाजूची पोर्टल व्हेन आधी बंद करतात, मग काही आठवड्यांत दुसरी बाजू वाढते. तुमच्या गाठी दोन्हीकडे आहेत, म्हणून 'दोन टप्प्यांत' म्हणाले असतील.

केमोच्या आधी लिव्हरचा एमआरआय जरूर करून घ्या. केमोने छोट्या गाठी स्कॅनवर दिसेनाशा होतात, पण तिथे पेशी जिवंत राहू शकतात. सर्जनला आधीचा नकाशा हवा.

ठिपक्याबद्दल सीटीवरून वाद घालू नका. पोटात दुर्बीण घालून बघता येतं, तुकडा घेता येतो.

---

नर्मदेहर | मंगळवार, सकाळी ७:१५

ताई, घाई करू नका. केमो म्हणजे विष आहे. आमच्या ओळखीत एका गृहस्थांनी गोमूत्र अर्क, हळद आणि गव्हांकुरावर गाठ विरघळवली. साखर पूर्ण बंद करा, कॅन्सर साखरेवर जगतो. पत्ता हवा असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

निळी_छत्री | मंगळवार, सकाळी ८:०२

नर्मदेहर, तुमचा हेतू चांगला असेल, पण हे असं इथे लिहू नका. माझ्या यजमानांनी सुरुवातीचे चार महिने याच वाटेवर घालवले. त्या चार महिन्यांत लिव्हरच्या गाठी काढण्याजोग्या होत्या त्या न काढण्याजोग्या झाल्या. मी त्यांना दोष देत नाही. घाबरलेलं माणूस गोड बोलणाऱ्याकडे जातं. पण दुसऱ्या कोणाचे ते महिने जाऊ नयेत.

अबोली, साखर बंद करून वजन आणखी घालवू नका. वजन आणि प्रोटीन तुम्हाला ऑपरेशनसाठी लागणार आहे.

---

भूलवाली | मंगळवार, सकाळी ८:३०

निळी_छत्री यांच्याशी पूर्ण सहमत. जोडीला एक: केमो चालू असताना काढे, अर्क, भस्मं ऑन्कॉलॉजिस्टला न सांगता घेऊ नका. लिव्हरवर भार येतो, आणि तुमचं लिव्हर आपल्याला जपून ठेवायचंय.

---

टेकडीवाला | मंगळवार, दुपारी १:२०

अबोलीताई, मी स्वतः यातून गेलोय. सिग्मॉइड, लिव्हरमध्ये तीन गाठी, २०१९. आधी केमो, मग एकाच वेळी आतडं आणि लिव्हरचा उजवा भाग, मग उरलेली केमो. दोन वर्षांनी लिव्हरमध्ये पुन्हा एक छोटी गाठ आली, ती सुई घालून मायक्रोवेव्हने जाळली. आज वेताळ टेकडीवर जाऊन आलो, म्हणून उशिरा लिहितोय.

केमोबद्दल खरं खरं सांगतो, कारण मला कोणी आधी नीट सांगितलं नव्हतं. मला दिली ती केमो, फॉल्फॉक्स, दर १५ दिवसांनी असते. छातीत कातडीखाली पोर्ट बसवतात. दवाखान्यात काही तास सलाइन, आणि मग ४६ तासांचा छोटा पंप घेऊन घरी सोडतात. बाळाच्या दुधाच्या बाटलीएवढा असतो, गळ्यात कापडी पिशवीत अडकवायचा. मी तो घालून बँकेत जात होतो. त्यात ऑक्सालिप्लॅटिन असतं, त्याने थंडी सहन होत नाही. म्हणजे हवा गार आहे असं नव्हे. फ्रीजमधून दुधाचं पातेलं काढायला गेलो आणि बोटांत हजार टाचण्या घुसल्यासारखं झालं, पातेलं हातातून सुटलं. गार पाण्याचा घोट घेतला तर घसा आवळतो, श्वास अडकला असं वाटतं. अडकलेला नसतो, पण जीव घाबरतो. ते तीन-चार दिवस सगळं कोमट. पुढे पुढे पायाचे तळवे बधिर होतात आणि ते मात्र कधीकधी राहतात. माझे अजून थोडे आहेत. चपलेतून पाय निघाला तरी कळत नाही, म्हणून मागे पट्टा असलेल्या सँडल वापरतो. तुम्हाला खडू धरायचाय, शर्टाची बटणं लावायला जड जायला लागली की लगेच डॉक्टरांना सांगा. 'सहन करते' म्हणू नका, त्यांना डोस कमी करता येतो.

कसं ठरवलं? एका सर्जनचं ऐकून ठरवलं नाही. आतड्याचा सर्जन, लिव्हरचा सर्जन, केमोवाले आणि स्कॅन वाचणारे रेडिओलॉजिस्ट एकाच टेबलाशी बसतात अशा ठिकाणी फाइल दिली. मग त्यांनी मला एकच योजना सांगितली. दोन दवाखान्यांतले दोन तुकडे जोडण्याचं काम पेशंटने करायचं नसतं.

---

मुठाकाठ | मंगळवार, दुपारी २:००

टेकडीवाला, पटलं. पण आतडं बंद पडलं तर काय करायचं ते आधी लिहून घ्या ताई. कुठल्या दवाखान्यात जायचं, कोणाला फोन करायचा. आमच्याकडे तेच नव्हतं.

---

टेकडीवाला | मंगळवार, दुपारी २:२५

+१. वारा बंद, पोट फुगणं, उलटी, हे तिन्ही एकत्र झालं तर सकाळची वाट बघायची नाही. आणि तोवर चोथ्याचं खाणं कमी. मला कोशिंबिरी, मक्याची कणसं, संत्र्याच्या पापुद्र्यासकट फोडी, सगळं बंद केलं होतं. मऊ भात, वरण, दही, उकडलेली अंडी.

---

शेंगदाणा | मंगळवार, रात्री ८:४५

हायपेकबद्दल मी लिहितो. माझ्या मावशीचं झालं. पोट उघडून दिसेल तेवढा सगळा आजार काढतात आणि मग ४१-४३ अंशांवर गरम केलेलं केमोचं औषध पोटात फिरवतात. दहा-अकरा तास चाललं. मावशी आज ठणठणीत आहे. माझ्या मते पसरलं असेल तर तेच करावं, अर्धवट काही नको.

---

भूलवाली | मंगळवार, रात्री ९:३०

शेंगदाणा, मावशी बऱ्या आहेत हे वाचून छान वाटलं. पण थोडं वेगळं मत मांडते. फ्रान्समध्ये २६५ रुग्णांवर 'प्रॉडिज ७' ही चाचणी झाली. सगळ्यांचा दिसणारा आजार काढला, निम्म्यांना त्यावर गरम केमो दिली, निम्म्यांना नाही. दोन्ही गटांत निम्मे रुग्ण साधारण ४१ महिन्यांपेक्षा जास्त जगले, फरक नाही. गरम केमोच्या गटात नंतरची गुंतागुंत मात्र जास्त. म्हणजे फायदा झाला तो बहुधा हातांनी नीट काढल्याचा. त्यातलं औषध ऑक्सालिप्लॅटिन होतं, काही केंद्रं मायटोमायसिन वापरतात, त्यामुळे तज्ज्ञांत मतभेद आहेतच. पण 'हायपेक नाही म्हणजे उपचार अर्धवट' असं समजून कोणी घाबरू नये. आणि लिव्हर आणि अस्तर दोन्हीकडे बराच आजार असेल तर अनेक सर्जन एवढं मोठं ऑपरेशन टाळतात.

---

शेंगदाणा | मंगळवार, रात्री ९:४४

हे माहीत नव्हतं. मावशीचं औषध कोणतं ते विचारून सांगतो.

---

कोथरूडची_सून | बुधवार, सकाळी ११:१०

स्टोमाबद्दल, म्हणजे शौचासाठी पोटावर करतात त्या तोंडाबद्दल आणि त्यावरच्या पिशवीबद्दल, कोणीच बोललं नाही, म्हणून मी. सिग्मॉइडच्या ठरवून केलेल्या ऑपरेशनमध्ये बरेचदा आतडं तिथल्या तिथे जोडतात, पिशवी लागत नाही, किंवा काही महिन्यांपुरती लागते. सासूबाईंना मात्र कायमची आहे, त्यांची गाठ अगदी खाली होती.

पहिले पंधरा दिवस त्या कोणाला भेटायला तयार नव्हत्या. मग दवाखान्यातल्या स्टोमा नर्सने ऑपरेशनच्या आधी पोटावर पेनने खूण का केली होती ते समजावून सांगितलं. उभं, बसून, वाकून बघतात, साडीची गाठ कुठे येते ते बघतात, घडीत येणार नाही अशी जागा निवडतात. अबोली, तुम्ही हे आधी मागून घ्या. साडी नेसता की पंजाबी ड्रेस, तेही सांगा. पिशवी बदलायची सवय सकाळी चहाच्या आधी लावली की सोपं जातं, तेव्हा आतडं शांत असतं. पिशवीचं भोक स्टोमाच्या मापापेक्षा दोन-तीन मिमीच मोठं कापायचं, जास्त झालं की कातडी सोलते.

मागच्या गणपतीत आरतीच्या मधोमध पिशवीने जोरात आवाज केला. सगळे गप्प. सासूबाईच म्हणाल्या, "शंख मीच वाजवला, चालू द्या." त्या दिवसापासून घरात सगळं मोकळं झालं.

---

सदाशिवपेठी | बुधवार, सकाळी ११:३५

आजींना माझा साष्टांग नमस्कार.

---

पॉलिसीपुराण | बुधवार, दुपारी ३:००

पैशाचं मी बघतो, इथे नेहमी तेच बघतो.

मेडिक्लेम असेल तर आज रात्रीच पॉलिसी काढून दोन गोष्टी वाचा. एक, खोलीभाड्याची मर्यादा. मर्यादेवरची खोली घेतली की बऱ्याच पॉलिसींत फक्त खोलीचा फरक नाही, डॉक्टर आणि ओटीचं बिलही त्याच प्रमाणात कापतात. दोन, 'आधुनिक उपचार' हे कलम. गोळ्यांची केमो, इम्युनोथेरपीची (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कामाला लावणारी) इंजेक्शनं, रोबोटिक सर्जरी या गोष्टी त्यात येतात आणि त्यांना अनेकदा वेगळी, कमी मर्यादा असते. कोणी रोबोटिक सुचवलं तर आधी हे विचारा.

महात्मा फुले जन आरोग्य योजना आता पांढऱ्या रेशनकार्डालाही लागू आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. पण योजनेत असलेल्या रुग्णालयातच, आणि ठरलेल्या पॅकेजपुरती. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्याच लागतात. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भरती व्हायच्या आधी भेटा, बिल हातात आल्यावर नाही.

---

टेकडीवाला | बुधवार, दुपारी ३:४०

मुलगा टाटा म्हणतोय त्यावर. परळला जाऊन मत घेणं चांगलंच. डेक्कन क्वीनने दादरला उतरायचं, पुढे टॅक्सी. राहायचं झालं तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कॅन्सरच्या पेशंटसाठी मोठा आधार आहे. पण दर १५ दिवसांनी केमोला मुंबई-पुणे झेपतं का ते बघा. आम्ही मत तिथे घेतलं आणि उपचार पुण्यात केले. टाटाच्या तज्ज्ञांचं मत घरबसल्या घ्यायला 'नव्या' नावाची ऑनलाइन सेवाही आहे. कुठेही जाताना नुसते रिपोर्ट नेऊन भागत नाही, बायोप्सीचे ब्लॉक (मेणात जपलेले तुकडे) आणि स्लाइड्स मागून घ्या, स्कॅनच्या सीडी घ्या.

---

अबोली | बुधवार, रात्री १०:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. दोनदा वाचलं सगळं, वहीत टिपणं काढली. मिस्टरांनाही वाचायला दिलं, ते मुठाकाठ आणि भूलवाली यांचे प्रतिसाद बराच वेळ वाचत बसले होते.

एक विचारायचंय आणि ते घरी विचारता येत नाही. हे सगळं करायचंच का? मी घाबरून विचारत नाहीये. आई गेली तेव्हा शेवटचे महिने नुसते दवाखान्यात गेले. मला तसं नकोय. पण प्रयत्न न करणंही नकोय. या दोन्हींच्या मध्ये रेघ कुठे मारतात?

---

निळी_छत्री | बुधवार, रात्री ११:२०

अबोली, हा प्रश्न मला कळतो.

यजमानांची दुसरी केमो थकली तेव्हा डॉक्टरांनी तिसरी सुचवली. यांनी विचारलं, "याने मी बरा होणार आहे की वेळ वाढणार आहे? आणि तो वेळ मी कुठे असेन, घरी की कॉटवर?" डॉक्टर थांबले आणि खरं बोलले. यांनी नाही म्हटलं. आम्ही वारज्याच्या सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटरला (दुखणं आणि त्रास कमी करणारे उपचार देतात तिथे) गेलो. तिथे एक पैसा लागत नाही, घरचं माणूस सोबत राहू शकतं. मला वाटलं होतं ते शेवटच्या आठवड्याचं ठिकाण असेल. तसं नाहीये. दुखणं आटोक्यात आलं आणि आम्ही घरी परत आलो, त्यानंतर ते आंबे खाईपर्यंत होते, नातवाला सायकल शिकवली. मॉर्फिनचं नाव ऐकून मी घाबरले होते. ते नीट दिलं की माणूस गुंगीत पडत नाही, बोलतो, हसतो.

पण तुमची गोष्ट आज तिथे नाहीये. तुमच्यापुढे बरं होण्याची खरी वाट अजून उघडी आहे, तिच्यावर चाला असंच मी सांगेन. फक्त प्रत्येक टप्प्यावर हाच प्रश्न पुन्हा विचारा, आणि उत्तर आवडलं नाही तर थांबायचा हक्क तुमचा आहे. मिस्टरांचा नाही, मुलाचा नाही. आणि पॅलिएटिव्हवाल्यांना आत्ताच भेटून ठेवा. दुखणं, झोप, मळमळ हे सगळं तेच उत्तम सांभाळतात, ऑपरेशनच्या वाटेवरच्या माणसाचंही.

---

मुठाकाठ | गुरुवार, सकाळी ६:५०

भाऊ दोन वर्षं होता. ती दोन वर्षं चांगली गेली. लिहायचं राहिलं होतं.

---

नर्मदेहर | गुरुवार, सकाळी ९:३०

निळी_छत्री, तुमचं वाचलं. मी पत्ता देणार नाही. ताई, तुमच्यासाठी रोज एक माळ करतो, त्याला कोणाची हरकत नसावी.

---

निळी_छत्री | गुरुवार, सकाळी ९:४५

मुळीच नाही. माझ्यातर्फेही करा.

---

अबोली | तीन आठवड्यांनी, शनिवार, संध्याकाळी ६:३०

अपडेट देते.

फाइल पुण्यातच ट्यूमर बोर्डपुढे ठेवली आणि टाटाचंही मत घेतलं. दोन्हीकडून एकच योजना आली, तेव्हाच निम्मं ओझं उतरलं. लिव्हरचा एमआरआय झाला, पाचच्या सहा गाठी निघाल्या. दुर्बिणीने पोट पाहिलं. तो ठिपका काढून तपासला, त्यात कॅन्सर नाही, बाकी अस्तरही स्वच्छ आहे. हायपेकचा विषय संपला.

जीन्सच्या टेस्टमध्ये केरास (KRAS) नावाच्या जीनमध्ये बदल आलाय, त्यामुळे सेटुक्सिमॅब हे केमोच्या जोडीचं औषध मला चालणार नाही. इम्युनोथेरपी ज्यांना लागू पडते त्या थोड्या लोकांतही मी नाही. हे ऐकून दोन दिवस वाईट गेले. बेव्हॅसिझुमॅब हे जोडीचं दुसरं औषध सध्या देणार नाहीत, आतडं अरुंद आहे, त्याला भोक पडण्याचा धोका नको म्हणून.

तर आधी केमो, फॉल्फॉक्स. दोन महिन्यांनी स्कॅन. गाठी आटोक्यात असतील तर पहिल्या टप्प्यात लिव्हरची डावी बाजू साफ करून आतडंही काढायचं, मग उजवी पोर्टल व्हेन बंद करून डावी बाजू वाढू द्यायची, आणि दुसऱ्या टप्प्यात उजवा भाग. वाढलंच नाही तर दुसरा टप्पा होणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी विचारलं, बरं होण्यासाठी करताय ना? म्हणाले, हो, त्याच हेतूने, पण खात्री देता येत नाही. ते मला चाललं. आतडं बंद पडलं तर कुठे जायचं, कोणाला फोन करायचा, हे फ्रीजवर लावलंय.

मिस्टर आता 'आधी काढा' म्हणत नाहीत. शाळेतून रजा घेतली, दहावीचा वर्ग सोडताना फार जड गेलं. पोर्ट बसलं, परवा केमोची पहिली फेरी.

आणखी एक विचारायचंय. मुलगा २६ चा आणि धाकटी बहीण ४८ ची. त्यांनी तपासणी करायची का?

---

टेकडीवाला | शनिवार, संध्याकाळी ७:१०

फार चांगली बातमी ठिपक्याची! परवाच्या आधी लोकरी हातमोजे फ्रीजच्या दाराला अडकवून ठेवा. पाणी थर्मासमध्ये. ऑपरेशनपर्यंत रोज चालणं, आणि तीन चेंडूंचं ते श्वास आत ओढायचं यंत्र आत्तापासून वापरा. छातीची ताकद ऑपरेशननंतर कामी येते. हिमोग्लोबिनसाठी लोहाची सलाइन देतात, विचारून घ्या.

---

भूलवाली | शनिवार, रात्री ८:००

टेकडीवाला यांनी माझं काम केलं. ऑपरेशननंतर साधारण चार आठवडे रक्त पातळ ठेवायची इंजेक्शनं पोटात घ्यायची असतात, पायात गुठळी होऊ नये म्हणून. घरी गेल्यावर लोक ती सोडून देतात, तुम्ही सोडू नका.

तपासणीचं: इम्युनोथेरपी लागू नाही असं ज्या टेस्टवरून सांगितलं, तीच नॉर्मल असल्याने लिंच सिंड्रोम हा घराण्यात चालणारा प्रकार असण्याची शक्यता बरीच कमी होते. तरी जवळच्या रक्ताच्या नात्यात असं असेल तर ४० व्या वर्षी, किंवा घरातल्या रुग्णाच्या निदानाच्या वयाच्या १० वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी सुरू करतात. तुमच्या हिशेबात ४०. म्हणजे मुलाला अजून वेळ आहे, पण रक्त गेलं किंवा सवयी बदलल्या तर वय न बघता दाखवायचं, मूळव्याध म्हणून सोडायचं नाही. बहिणीने मात्र आत्ताच करून घ्यावी. सुरुवातीचा पॉलिप (आतड्याच्या आतला छोटा कोंब) सापडला तर तो तिथल्या तिथे काढून टाकतात, कॅन्सर व्हायच्या आत.

---

अबोली | शनिवार, रात्री ९:०५

बहिणीशी आत्ताच बोलले. आधी टाळत होती, तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. शुक्रवारची वेळ घेतली आहे तिने.